मृतांचे मौन

मेलेल्या माणसास हाक मारावी काय, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस निरुपयोगी वाटेल. हाक मारली तरी तो येत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे मारावी की न मारावी याचा खल करण्यात स्वारस्य ते काय उरले, असे ते म्हणतील. आमचे मत थोडे निराळे आहे. मृत मनुष्य येतो की नाही, हा शास्त्राचा प्रश्न झाला. त्याविषयी आमच्या मनात आता फारसा संशय नाही. परंतु हाक मारणारा तर जिवंत असतो. त्याच्या हातून काही घडते, आणि जे घडते त्याचे बरेवाईट परिणाम त्याच घरातील जिवंत माणसांस भोगावे लागतात. तेव्हा हा प्रश्न नीतीचाही आहे. आणि आमच्यापुरता तो अगदी घरचा आहे, हे पुढे कळून येईलच.

अद्भुत कादंबऱ्यांतून प्रेतसिद्धांचे वार्षिक मेळे वर्णिलेले असतात. काळे झगे, कवट्यांचे दिवे, मध्यरात्रीचे स्मशान, असा त्यांचा थाट. असा मेळा खरोखरीच्या जगात पाहावयाचा असेल, तर अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकास जावे. बफेलो शहराच्या नैर्ऋत्येस, कॅसाडागा सरोवरांच्या काठी, लिली डेल नावाचे एक चिमुकले गाव आहे. परलोकवादी मंडळींनी १८७९ साली तेथे आपल्या उन्हाळी संमेलनासाठी जागा घेतली, आणि तेव्हापासून तेथे दर उन्हाळ्यात मृतांशी बोलणाऱ्यांची व त्यांच्याकडून बोलवून घेणाऱ्यांची यात्रा भरते. कवट्या मात्र नाहीत. लाकडी घरे, पुढे ओसरी, ओसरीपुढे फुलझाडे, आणि दाराशी वैद्याच्या दारावर असावी तशी माध्यमाच्या नावाची पाटी. गावात शिरताना शुल्क भरावे लागते. जमीन संस्थेची आहे, आणि घर घेणारा परलोकवादी असावा लागतो. शिवाय वाटेल त्याने उठावे आणि मृतांस बोलवावे, असाही कारभार नाही. संस्थेने नेमलेल्या परीक्षकांपुढे आपली विद्या दाखवून उत्तीर्ण झाल्याखेरीज तेथे कोणास माध्यम म्हणून नाव लावता येत नाही. परलोकाच्या व्यवहारातही परीक्षा आणि नोंदणी यांवाचून गत्यंतर नाही, हे वाचून आमच्या परीक्षाप्रिय देशबांधवांस थोडे समाधान वाटेल.

गावालगतच्या जुन्या अरण्यात एका वृक्षाचा बुंधा जपून ठेवलेला आहे. त्याच्यासमोर बाके मांडलेली असतात. लोक येऊन बसतात. माध्यम पुढे येते आणि समुदायापैकी एखाद्यास विचारते, 'मी आपणाकडे येऊ का?' तो होय म्हणाला की कोणी वडीलधारा पुरुष, कोणी मावशी, कोणी अकाली गेलेला मुलगा त्याच्यासाठी आल्याचे सांगण्यात येते. निरोप बहुधा एकाच वळणाचे असतात. मी सुखात आहे, तुझ्याजवळच आहे, तू स्वतःस दोष देऊ नकोस. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांस पाणी येते, आणि ते पाणी खोटे नसते, हे थट्टा करणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

या पंथाचा उगम फारसा गौरवाचा नाही. १८४८ च्या मार्च अखेरीस न्यूयॉर्कमधील हाइड्सविल येथे फॉक्स नावाच्या कुटुंबातील दोन मुलींस घरात टकटक ऐकू येऊ लागली, आणि ती टकटक प्रश्नांची उत्तरे देते असे आढळले. त्यावर एवढा डोलारा उभा राहिला. त्यांच्यापैकी मार्गारेट हिने चाळीस वर्षांनी, १८८८ साली, न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात भर सभेत बूट काढून, ती टकटक आपण पायाच्या बोटांच्या सांध्यांनी करीत होतो, हे करून दाखविले. पुढील वर्षी तिने हा कबुलीजबाब मागे घेतला. मौज अशी की, कबुलीजबाबाने पंथ मोडला नाही, आणि फॉक्स कुटुंबाचे ते घर १९१६ साली उचलून लिली डेलला आणून मोठ्या आदराने उभे करण्यात आले. १९५५ साली ते जळाले. परंतु १९१६ हे साल लक्षात घेण्यासारखे आहे. युरोपात तरुण मुले हजारोंनी मरत होती, आणि सर ऑलिव्हर लॉज यांच्यासारख्या पदार्थविज्ञानवेत्त्याने युद्धात पडलेल्या आपल्या 'रेमंड'शी झालेल्या संभाषणांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध केले. दुःख एवढे मोठे होते की एका मुलीच्या बोटांच्या सांध्यांची कथा त्यापुढे कोण ऐकणार? आपल्याकडे महाराष्ट्रात वि. द. ऋषी यांनी या परलोकविद्येचा प्रचार केला, आणि १९२९ साली रवींद्रनाथांसारखा पुरुषही काही दिवस या नादात रमला होता.

तेव्हा हे सगळे लबाडीचे दुकान आहे, एवढे म्हणून मोकळे होता येत नाही. लबाड होते, आहेत. पण श्रद्धेने फसणारे आणि श्रद्धेनेच फसविणारे त्यांच्याहून अधिक. १९२२ च्या जून महिन्यात अटलांटिक सिटी येथे घडलेली एक गोष्ट आम्हांस या बाबतीत फार बोधप्रद वाटते. हूडिनी हा जादूगार आपल्या आईवर विलक्षण प्रेम करी. ती १९१३ साली वारली होती. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल हे परलोकवादाचे कडवे प्रचारक आणि त्या वेळी हूडिनीचे मित्र. डॉयल यांच्या पत्नीने हाती पेन्सिल घेतली, आणि हूडिनीच्या आईचा आत्मा संचारून तिच्याकडून पानांमागून पाने लिहवून घेऊ लागला. वात्सल्याने ओथंबलेला मजकूर होता. पण पानाच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता, आणि मजकूर चांगल्या इंग्रजीत होता. हूडिनीची आई एका यहुदी धर्मगुरूची पत्नी. इंग्रजी तिला जवळजवळ येतच नव्हते.

लेडी डॉयल यांनी जाणूनबुजून फसविले, असे हूडिनीसही वाटत नव्हते. बाईने दयेपोटीच लिहिले असावे. परंतु त्या दयेत त्या म्हातारीचा धर्म गेला, भाषा गेली, आणि तिच्या जागी एक सर्वसाधारण प्रेमळ इंग्रज आई येऊन बसली. आमच्या मते अन्याय झाला तो हूडिनीवर नव्हे, तर त्या आईवर. ज्याच्या तोंडी आपण शब्द घालतो तो हरकत घेऊ शकत नाही, हीच तर मृताची असहायता. जिवंत माणसाच्या नावे खोटे पत्र लिहिले तर आपण त्यास गुन्हा म्हणतो. मृताच्या नावे लिहिले तर सांत्वन म्हणतो.

आता घरची गोष्ट सांगावयास हवी.

आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, ते १९६८ साली जबलपूर येथे विषमज्वराने आठ दिवसांत गेले. त्याआधी दोन वर्षे वडिलांचे व त्यांचे बोलणे बंद होते. दादांनी वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केले होते. जाण्यापूर्वी तीन आठवडे त्यांचे एक पत्र आले होते. तात्यांनी ते फोडले, वाचले, आणि मेजाच्या खणात ठेवून दिले. उत्तर लिहिले नाही. पुढे तार आली. तात्यांची झोप गेली, अन्न तुटले. अशा वेळी आमचे मामा, ज्यांस या विषयाची पुस्तके वाचण्याचा नाद होता, ते एका संध्याकाळी अक्षरांचा तक्ता घेऊन आले. पाटावर तक्ता, त्यावर उपडी वाटी, बाजूस उदबत्ती. वाटीवर तिघांची बोटे: तात्यांचे, मामांचे आणि आमचे. आमचे वय तेव्हा चौदा वर्षांचे होते. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती.

तात्यांनी विचारले, 'बाळ, तुझा माझ्यावर राग आहे का रे?' वाटी हलेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. आम्ही बोटाने वाटी 'नाही' कडे लोटली.

त्या रात्री तात्या झोपले.

या कृत्याबद्दल आम्ही आजही स्वतःस पुरते दोषी ठरवू शकत नाही. चौदा वर्षांच्या मुलाने बापाचा घाम पाहून जे केले, ते लिली डेलच्या माध्यमांपैकी प्रामाणिक असतील ते रोज करीत असतील. दुःखी माणसास एका शब्दाने झोप येत असेल, तर तो शब्द खरा आहे की खोटा हे विचारणारा कठोर म्हटला जाईल; आणि आम्हांस कठोर होण्याची हौस नाही. वैद्य मरणोन्मुख रोग्यास 'बरे वाटेल' म्हणतो, तेही शपथेवर सांगण्यासारखे नसते. तथापि वैद्य हे स्वतःच्या तोंडाने म्हणतो. आम्ही ते दादांच्या तोंडाने म्हटले. हा भेद त्या वेळी आमच्या लक्षात आला नाही. पुढे आला, आणि तो आम्हांस थोर कवींनी शिकविला.

होमरच्या 'ओडिसी'त अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकापर्यंत जातो, खड्डा खणून त्यात रक्त ओततो, आणि छाया त्याच्याभोवती गोळा होतात. कोणी आपली हकीकत सांगतो, कोणी घरचे वर्तमान विचारतो. त्यांत अजॅक्सही असतो. अकिलीसची शस्त्रे कोणास मिळावीत या वादात ओडिसियसने त्याच्यावर मात केली होती, आणि त्या अपमानाने अजॅक्सने प्राण दिला होता. ओडिसियस त्याला गोड शब्दांनी विनवितो, झाले ते विसर म्हणतो. अजॅक्स एक शब्दही बोलत नाही. पाठ फिरवितो आणि अंधारात इतर छायांमध्ये निघून जातो. सगळ्या मृतांत आम्हांस अजॅक्स सर्वांत जिवंत वाटतो. तो तोच राहिला आहे. त्याचा राग त्याचा स्वतःचा आहे, आणि ओडिसियसला बरे वाटावे म्हणून तो तो सोडावयास तयार नाही. पुढे व्हर्जिलने डायडोकडूनही इनिअसच्या बाबतीत असेच वर्तन करविले आहे.

बायबलातील शौल राजाची गोष्टही अशीच. त्याने स्वतःच भूतविद्या करणाऱ्यांस देशातून घालवून दिले होते. पण लढाईच्या आदल्या रात्री धीर सुटला तेव्हा वेष पालटून एनदोरच्या बाईकडे गेला व शमुवेलास वर आणावयास सांगितले. शमुवेल आला तो प्रथम तक्रार करीतच: मला का त्रास दिलास? आणि मग त्याने सांगितले ते पराभवाचे आणि मरणाचे. राजा जमिनीवर कोसळला. त्या बाईने त्यास उठवून, वासरू कापून, भाकरी भाजून जेवू घातले. चेटकीण म्हणून जिला हजारो वर्षे नावे ठेवली गेली, त्या बाईचे हे आतिथ्य आमच्या मनातून जात नाही. परंतु मुद्दा असा की, जुन्या ग्रंथकारांनी मृतांस बोलाविले तेव्हा न बोलण्याचा, रागावण्याचा आणि अप्रिय बोलण्याचा त्यांचा अधिकार शाबूत ठेविला. लिली डेलच्या बुंध्यापाशी अजॅक्स येत नाही.

आमच्या महाभारतात मात्र प्रकार वेगळा आहे. आश्रमवासिक पर्वात व्यास गंगेच्या पाण्यातून युद्धात पडलेले सारे वीर एका रात्रीपुरते वर आणतात. तेथे वैर उरलेले नाही, सर्वांची भेट गोड आहे. मग व्यासांनीही लिली डेलचाच व्यवहार केला, असे कोणी म्हणेल. पण त्या रात्री कोणी कोणास सल्ला विचारीत नाही. आणि पहाट झाल्यावर ज्या स्त्रियांस आपल्या पतींबरोबर जावयाचे होते त्या गंगेत उतरल्या आणि परत आल्या नाहीत. सगळी भेट गोड करूनही व्यासांनी तिची किंमत लपवून ठेवली नाही.

सल्ला विचारणे हा शब्द आमच्या लेखणीतून सहज आलेला नाही. पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर तात्यांनी नेम धरला. दरसाल दादांच्या तिथीस, श्राद्ध आटोपल्यावर, संध्याकाळी पाट मांडावयाचा. थोरल्याचे श्राद्ध बापाने करावयाचे नसते म्हणून ते आम्ही करीत असू, आणि संध्याकाळी वाटीही आम्हीच लोटीत असू. आमच्या घरातील हा प्रेतसिद्धांचा वार्षिक उत्सव सात वर्षे चालला. दादा दरवर्षी येत, दरवर्षी प्रसन्न असत. खऱ्या दादांचा स्वभाव तापट होता, आणि त्यांचे अक्षर जसे वाकडे तसे बोलणेही. हे हळूहळू घरातील सर्वांच्या विस्मरणात गेले. आम्ही त्यांस सौम्य करून टाकले.

सहाव्या वर्षी तात्यांनी निराळाच प्रश्न केला. गावाकडील आमराई विकावी काय? गिऱ्हाईक आले होते. आम्हांस मुंबईस शिकावयास जावयाचे होते आणि घरात पैसा नव्हता. त्या आमराईतील कलमे दादांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी स्वतःच्या हातांनी बांधलेली. पावसाळ्यात एखादे कलम मेले तर त्या दिवशी ते जेवत नसत. दादा असते तर काय म्हणाले असते, याविषयी आम्हांस लवमात्र शंका नव्हती. आम्ही वाटी 'होय' कडे लोटली. तात्या थोडा वेळ तक्त्याकडे पाहत राहिले. 'कलमे तर त्यानेच बांधली होती,' एवढेच ते पुटपुटले. आणि चार दिवसांनी त्यांनी सही केली. आम्ही मुंबईस गेलो. पुढे जे काही झालो ते त्या पैशावर झालो.

पहिल्या 'नाही'त आणि या 'होय'त अंतर होते, असे आम्ही पुष्कळ दिवस स्वतःस समजावीत राहिलो. पहिले वडिलांसाठी, दुसरे आपल्यासाठी. परंतु बोट तेच होते, आणि दुसऱ्या वेळी ते इतक्या सहज सरकले याचे कारण पहिल्या वेळी ते सरकले होते. मृत मनुष्य आपल्या इच्छेप्रमाणे बोलू लागला म्हणजे त्याच्या तोंडून काय बोलवावे, याची मर्यादा बोलविणाराच ठरवितो.

आता तर वाटीचीही आवश्यकता उरलेली नाही. मृताची पत्रे, संदेश, आवाज गोळा करून त्याच्यासारखे बोलणारी यंत्रे निघाली आहेत. २०२० साली दक्षिण कोरियातील एका दूरचित्रवाणी वाहिनीने आजाराने वारलेल्या लहान मुलीची आकृती यंत्राने उभी करून तिच्या आईस भेटविली. आईने डोळ्यांवर यंत्र चढविले होते आणि हात पुढे केले होते, त्या हातांत काही नव्हते. त्या आईस हसणारा मनुष्य दगडाचा म्हणावा लागेल. पण यंत्र कधी रुसत नाही, पाठ फिरवीत नाही, आणि त्याच्या मागेही कोणाचे तरी बोट असतेच. ते बोट चौदा वर्षांच्या मुलाचे असण्याचा संभव कमी. बहुधा ते दुकानदाराचे असेल.

याउलट आमच्याकडील काकस्पर्शाची चाल पाहा. सुशिक्षितांनी तिची पुष्कळ टवाळी केली आहे, आणि कावळा पिंडास का शिवतो याचे कारण त्याच्या भुकेत शोधावे, हे आम्हांसही मान्य आहे. पण दहाव्या दिवशी कावळा शिवेना म्हणजे काय होते, ते पाहण्यासारखे असते. घरची माणसे हात जोडून आठवू लागतात: काय राहिले असेल? मुलीचे लग्न आम्ही करू. धाकट्यास अंतर देणार नाही. तुमचे ते कर्ज फेडू. एरवी कधी तोंडातून न निघणारी वचने चारचौघांत निघतात. मृत काही बोलत नाही, म्हणून जिवंतांस बोलावे लागते. शेवटी दर्भाचा कावळा करण्याची सोय शहाण्या पूर्वजांनी ठेविली आहे, हे खरे. तरी तोवर अर्धा तास का होईना, मेलेल्याचे आपल्याकडे काही येणे आहे ही जाणीव सर्वांस असते. आमच्या वाटीने तात्यांस ही जाणीव होऊ दिली नाही. दादा रागावलेले नाहीत, असे एकदा कळल्यावर आणखी काही करावयाचे उरलेच नव्हते. आणि जबलपूरहून आपल्या भावाकडे जाऊन राहिलेल्या आमच्या वहिनींस सात वर्षांत या घरातून एक ओळही गेली नव्हती. हे आम्हांस फार उशिरा दिसले.

सातव्या वर्षी तिथीस आम्ही मुंबईहून आलो. संध्याकाळी पाट मांडला. आम्ही वाटीवर बोट ठेविले, पण लोटले नाही. तात्यांनी विचारले, पुन्हा विचारले. मामांनी उदबत्ती बदलली. अर्धा तास गेला. आम्हांस वाटले, आता सगळे सांगून टाकावे. धीर झाला नाही, आणि तो पुढेही कधी झाला नाही. तात्यांनी आपले बोट काढून घेतले व म्हणाले, 'आज त्याला बोलायचे नाही.' त्यांच्या आवाजात दुःख होते, पण भय नव्हते.

त्या रात्री मेजाचा खण उघडल्याचा आवाज आला. सकाळी पाहतो तो तात्या लिहीत बसलेले. समोर दादांचे ते जुने पत्र उघडे होते. आम्हांस पत्त्यासाठी हाक मारून म्हणाले, 'सूनबाईच्या भावाचा पत्ता तुझ्या आईपाशी आहे, तेवढा आण.' ठावठिकाणा आईपाशी होता, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.

पुढील वर्षी तिथीस वहिनी आल्या. स्वयंपाक त्यांनीच केला. पाट कोणी मांडला नाही. काकबळीचे पान घेऊन त्या आमच्याबरोबर गच्चीवर आल्या, आणि पान ठेवून आम्ही दोघे जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो. कावळा लवकर आला की उशिरा, ते आता आठवत नाही. वहिनी दादांच्या तापट स्वभावाच्या गोष्टी सांगत होत्या.